पेडणेकर सरांचं लायसन्स

भर बाजारात पायी चालताना, वळण आलं की हात लांब करून इशारा देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पेडणेकर सर. नुसता हात दाखवून त्यांचं भागायचं नाही. आधी मान वळवून मागे बघायचं, मग बाजूला बघायचं, मग हात बाहेर काढायचा आणि मगच वळायचं. हे सगळं बहरीनमध्ये, मनामाच्या बाजारात, ऐन गर्दीच्या संध्याकाळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, टॅक्सी थांबवताहेत. एका टॅक्सीवाल्यालाही तसंच वाटलं आणि तो थांबला. सरांनी त्याला पुढे जाण्याची खूण केली आणि शिस्तीत वळून भाजीच्या दुकानात शिरले. टॅक्सीवाला माझ्याकडे बघून कानाशी बोट फिरवत निघून गेला. मी आपला सरांना ओळखतच नसल्यासारखा खजूर चिवडत उभा राहिलो.

ओळखत तर मी त्यांना चांगलाच होतो. मनामातल्या एका भारतीय शाळेत ते गणित शिकवायचे, मी विज्ञान. दोघेही एकाच वर्षी करारावर आलेलो. झिंजमधल्या एकाच इमारतीत राहायचो. वरच्या मजल्यावर मी, आमची ही आणि मुलं; खालच्या मजल्यावर सर, एकटे. ते देवगडकडचे, मी साताऱ्याचा. गावी असतो तर आमची ओळख होण्याचं काही कारण नव्हतं, पण परदेशात मराठी बोलणारा शेजारी मिळाला की माणूस फार चिकित्सा करत नाही.

सरांचं एक पालुपद होतं. "उत्तर बरोबर आहे. रीत कुठाय?" वर्गात हे ठीक. गणिताचा मास्तर रीत मागणारच. पण सरांनी रीत मागितली नाही असं माणूस बहरीनमध्ये उरलं नव्हतं. ताप आला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, तर हे म्हणाले, "उत्तर बरोबर असेल डॉक्टर, रीत सांगा." आमच्या हिने एकदा कटाची आमटी पाठवली. वाटी परत द्यायला आले ते दारातच म्हणाले, "वहिनी, चव उत्तम. रीत?" हिने बिचारीने रीत सांगितली. त्यावर सर म्हणाले, "तुम्ही गूळ कधी घातलात ते राहिलं. एक पायरी गाळलीत." पुढच्या वेळी आमटी खाली गेली नाही. मलाच दुप्पट खावी लागली.

आणि मार्कांचं तर विचारूच नका. काठावरच्या पोराला एखादा मार्क देऊन पलीकडे ढकलणं हे आम्हा सगळ्या मास्तरांचं पुण्यकर्म. सरांना ते मान्य नव्हतं. एका मुलाचा बाप, बँकेतला मोठा अधिकारी, स्टाफरूममध्ये येऊन हात जोडून बसला. "सर, एकाच मार्काचा प्रश्न आहे. इंशाल्ला पुढच्या वेळी करेल तो." सर म्हणाले, "मग पुढच्या वेळीच इंशाल्ला पास होईल." बाप गेला तो थेट मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं, समजावलं, थोडं धमकावलंही. सरांनी पेपर त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही द्या आणि खाली तुमची सही करा. माझ्या हाताने होणार नाही." मुख्याध्यापकांनी सही केली नाही. ते पोरगं दुसऱ्या वर्षी खरंच अभ्यास करून पास झालं, हे मला सांगायचं नव्हतं, पण सांगावं लागतंय.

अशा माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर मोटार शिकायचं मनावर घेतलं. कारण साधं होतं. इतकी वर्षं त्यांची बायको गावी होती. आधी सासूचं अंथरूण, मग मुलीचं शिक्षण, मग मुलीचं लग्न. सर दर उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचे आणि परत येताना कोकमं आणि गप्प चेहरा घेऊन यायचे. आता सासू गेली होती, मुलगी सासरी नांदत होती, व्हिसाचं काम झालं होतं. पेडणेकर वहिनी थंडीत यायच्या होत्या.

"घोरपडे," सर मला म्हणाले, "तिला विमानतळावरून मी आणणार. माझ्या गाडीतून, मी चालवत."

"माझी गाडी आहे की सर. चावी घेऊन निघायचं."

"तुमची आहे म्हणूनच नको. इतकी वर्षं ती तिथे एसटीची वाट बघत उभी राहिली. आजारी सासूला घेऊन, पोरीला घेऊन. इथे तिने कुणासाठी ताटकळायचं नाही."

मी चावी परत खिशात टाकली. बहरीनमध्ये गाड्या उजव्या बाजूने चालतात, आणि सरांचं म्हणणं असं की या वयातला मेंदू डावीकडून उजवीकडे न्यायचा तर पायांपासून सुरुवात करायला हवी. म्हणून ते बाजारातलं हात दाखवणं. स्टाफरूममध्ये तर तीन डस्टर जमिनीवर मांडून, जेवणाचा डबा हातात धरून ते गिअर बदलायचे. भूगोलाच्या बाईंना त्या डब्याचा हॉर्न ऐकू येतो असं वाटायला लागलं होतं.

गाडी शिकवायला जिदहफ्स गावचा युसुफ होता. गोल पोटाचा, गोड स्वभावाचा माणूस. घरची खजुराची बाग आणि सोबत हा धंदा. अर्ध्या बहरीनच्या हिंदी लोकांना त्याने गाडी शिकवली होती, त्यामुळे आमची बाजारी हिंदी तो आमच्यापेक्षा बरी बोलायचा. सरांना तो 'उस्ताद' म्हणायचा. अरबीत शिक्षकाला तसंच म्हणतात, पण पहिल्या आठवड्यानंतर त्याच्या तोंडी त्या शब्दाला वेगळाच सूर आला.

"उस्ताद, इधर काटो स्टेरिंग."

"कितने अंश?"

"अंश-वंश मफी, कुछ नहीं, उस्ताद. आँख से देखो, हाथ से घुमाओ. यल्ला, चलो."

सरांना हे पटणारं नव्हतं. त्यांनी आलेखाच्या कागदावर ड्रमांमधलं पार्किंग काढून आणलं. ट्रॅफिक ऑफिसच्या मैदानात रिकामे ड्रम उभे केलेले असत. त्यांच्या मधे गाडी उलटी घालायची आणि एकाही ड्रमाला लावायची नाही, ही परीक्षेतली सगळ्यात अवघड पायरी. युसुफने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि अदबीने घडी घालून परत दिला. म्हणाला, "बहोत अच्छा. अब गाडी को भी दिखाओ."

पहिल्या परीक्षेत सर गोल चौकाशी थांबले ते थांबलेच. सगळ्या गाड्या गेल्या की आपण जायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि बहरीनमधल्या सगळ्या गाड्या कधी जात नाहीत. नापास. दुसऱ्या वेळी चढावर गाडी थांबवायची होती. ती त्यांनी उत्तम थांबवली, मग शेजारी बसलेल्या पोलीस अधिकाऱ्याला गाडी मागे का घसरत नाही ते इंग्रजीत समजावून द्यायला लागले. मागे रांग लागली. नापास. तिसऱ्या वेळी इतक्या हळू चालवली, की अधिकारी खाली उतरून बरोबर चालत राहिला म्हणे. हे युसुफने सांगितलेलं, त्यामुळे त्यात थोडा मीठमसाला असेल. पण नापास झाले हे खरं. प्रत्येक वेळी सर घरी येत, अंघोळ करत, वर येऊन मला म्हणत, "त्याचं बरोबर आहे. चूक माझीच होती," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तारीख घेऊन येत. चेहऱ्यावर चिडणं नाही, रडणं नाही. नापास होण्यात एवढं समाधान मानणारा माणूस मला पाहवत नव्हता.

होता होता वहिनींचं तिकीट आलं. त्याच्या आधी एकच तारीख मिळत होती. त्या दिवशी मीही रजा टाकून बरोबर गेलो, कारण युसुफ म्हणाला, "तुम साथ में आओ, उस्ताद को हिंमत." मैदानाभोवती तारेचं कुंपण होतं. मी आणि युसुफ कुंपणाबाहेर उभे राहिलो.

चौक झाला, चढ झाला. रस्त्यावरून फिरून गाडी मैदानात परत आली. ड्रमांच्या मधे शिरायला लागली. हळूच मागे गेली, हळूच वळली, आणि डावीकडचा ड्रम किंचित हलला. पडला नाही. थरथरला आणि उभा राहिला.

अधिकारी जाड मिशांचा आणि दमलेला होता. सरांना आता तो घरच्या माणसासारखा ओळखत होता. त्याने हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि दार उघडून म्हणाला, "खलास, उस्ताद. पास. यल्ला, रोह."

युसुफने माझ्या पाठीत आनंदाने बुक्की मारली. तेवढ्यात सर गाडीतून उतरले आणि म्हणाले, "नो सर. टच झाला."

अधिकाऱ्याला कळेना. तो म्हणाला, मी पाहिलं नाही. सर त्याला हाताला धरून गाडीच्या मागे घेऊन गेले. बंपरवर ड्रमाचा पिवळा रंग लागला होता, तो त्यांनी बोटाने दाखवला. अधिकारी म्हणाला, ड्रम पडला नाही ना, मग मफी मुश्किल. सर म्हणाले, पडला की नाही हा प्रश्न नाही, लागला की नाही हा प्रश्न आहे. आवाज चढले. परीक्षेला आलेले इतर लोक गोळा झाले. एक पठाण ड्रायव्हर दुसऱ्याला विचारत होता की हा माणूस नेमका कशासाठी भांडतोय, आणि दुसरा सांगत होता, नापास करा म्हणून. पहिल्याचा विश्वास बसला नाही. शेवटी अधिकाऱ्याने आभाळाकडे बघितलं, लिहिलेलं खोडलं, नापास लिहिलं आणि कागद सरांच्या हातात कोंबला. सर त्याला थँक यू म्हणाले.

युसुफ तिथेच जमिनीवर बसला. मला एवढा संताप आला होता की परतीच्या वाटेत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, ती आठवड्यात येऊन उभी राहणार, आणि हा गृहस्थ हाती आलेलं लायसन्स स्वतःच्या हाताने फेकून आला. याला काय म्हणावं? हेकट म्हणावं, दुसरं काय.

मग काय, वहिनींना आणायला मुहर्रकच्या विमानतळावर माझीच गाडी गेली, मीच चालवत. सर शेजारी बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. वहिनी बाहेर आल्या. ठेंगण्या, सावळ्या, डोळे हसरे. हातातली पिशवी सरांकडे देऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमची गाडी खंय?"

"मी नापास झालंय," सर म्हणाले.

वहिनी "बरां" म्हणून मागच्या सीटवर बसल्या. माझ्या पोटातला राग अजून निवला नव्हता. मुहर्रकच्या पुलावर गाडी आली आणि मी म्हणालो, "वहिनी, नापास झाले नाहीत, मागून घेतलं नापासपण." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ड्रम, रंग, अधिकाऱ्याशी भांडण. मला वाटलं, वहिनी चिडतील, निदान मला साथ देतील. वहिनी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"घोरपडे भावोजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नाही. यांनी मला एका मार्काने नापास केलंय."

लग्नाच्या वेळी वहिनींची शाळा अर्धी राहिली होती. ती पूर्ण करायचा हट्ट सरांचाच. त्यांनीच बायकोला स्वतःच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात बसवलं. सासूची बोलणी खाऊन, पहाटे चूल आटोपून वहिनी शाळेत जायच्या. प्रिलिममध्ये सगळे विषय सुटले. गणितात चौतीस. पेपर तपासणारे पेडणेकर सर. हेडमास्तरांनी सांगून पाहिलं, सासऱ्यांनी सांगून पाहिलं, सरांनी एक मार्क दिला नाही. प्रिलिममध्ये नापास झाला त्याचा बोर्डाचा फॉर्म भरायचा नाही असा शाळेचा नियम. वहिनींचा फॉर्म भरला गेला नाही. पुढच्या वर्षी मुलगी झाली आणि मग ते राहून गेलं ते कायमचंच.

"तो ड्रमाचा मार्क यांनी घेतला असता ना," वहिनी म्हणाल्या, आणि आता त्या हसत नव्हत्या, "तर मी त्याच विमानाने परत गेले असते."

मी शेजारी बघितलं. सर पुलाखालच्या समुद्राकडे तोंड करून बसले होते. मान एवढी वळवली होती की मला फक्त कान दिसत होता. मला आठवडाभराच्या रागाची लाज वाटली.

पुढच्या तारखेला सर पास झाले. ड्रम जागचे हलले नाहीत. घोडं गंगेत न्हालं, मी सुटलो असं मी समजत होतो, पण त्याच संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "माका पण गाडी शिकूची आसा."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "कित्याक गो? मी आसंय मा."

"माझी एक परीक्षा राहिली आहे," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या. "एकदाच बसेन. नापास झाले तर पुन्हा कुठल्याच परीक्षेचं नाव काढणार नाही, यांनीही काढायचं नाही."

वहिनी बोलतात त्याप्रमाणे वागतात, हे सरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्या दिवसापासून त्यांची भूक गेली. बायको शिकायला जायची तेव्हा हे मागच्या सीटवर बसायचे आणि प्रत्येक वळणाला सूचना द्यायचे. दोन दिवस युसुफने सोसलं. तिसऱ्या दिवशी त्याने जिदहफ्सच्या भर रस्त्यात गाडी उभी केली, मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "उस्ताद, बर्रा." सर बाहेर उतरले आणि उन्हातून चालत घरी आले. कोपऱ्यावर हात दाखवायचं त्या दिवशी विसरले. युसुफ मला म्हणाला, "मदाम अव्वल नंबर. कुछ पूछती नहीं, चलाती है."

वहिनी खरंच चांगलं चालवत होत्या. रविवारच्या बाजारात बैलगाड्यांच्या गर्दीतून म्हैस काढणाऱ्या बाईला गोल चौकाची काय भीती? भीती ड्रमांची होती. सरावाला दहादा जमायचं आणि अकराव्यांदा ड्रम आडवा व्हायचा. युसुफ म्हणायचा मफी मुश्किल. वहिनी ड्रम उभा करून पुन्हा गाडीत बसायच्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आमच्या हिने वहिनींना चहा करून दिला, तो त्यांनी तसाच ठेवला. सर, वहिनी, युसुफ आणि मी असे चौघं मैदानावर गेलो. अधिकारी तोच, जाड मिशांचा. सरांना बघून त्याने कपाळावर हात मारला, आणि परीक्षा मदामची आहे म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

सर कुंपणाशी गेले. दोन्ही हातांनी तार धरून उभे राहिले. मी त्यांच्या मागे होतो. चौक झाला, चढ झाला, रस्ता झाला. गाडी मैदानात आली आणि ड्रमांसमोर थांबली. वहिनींनी मागे बघितलं, गाडी उलटी घातली.

सर काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, कोन मोजताहेत. सवयीप्रमाणे किती अंश वळवायचं ते सांगत असतील. मी ऐकायला जरा पुढे सरकलो.

"लागलो तर लागांदे," सर म्हणत होते. "बघू नको रे बाबा. एक ड्रम. एकदाच बघू नको. तिका जावंदे."

कुणाला म्हणत होते, देवाला की त्या मिशीवाल्याला, कळायला मार्ग नव्हता. डोळे मिटलेले होते, त्यामुळे ड्रम हलला की नाही ते त्यांनी पाहिलंच नाही. माझंही लक्ष गाडीकडे राहिलं नाही. मी त्यांच्याकडेच बघत होतो.

युसुफच्या आरोळीने सरांनी डोळे उघडले. गाडी ड्रमांमधे सरळ उभी होती. अधिकारी कागदावर लिहीत होता. थोड्या वेळाने वहिनी मैदानातून चालत आल्या. नेहमीच्या चालीने, पदर नीट करत. सरांच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी पास झालंय."

सरांनी मान हलवली.

"थंय तारेकडे उभे ऱ्हवान काय पुटपुटत होतात?" वहिनींनी विचारलं. "मी आरशात बघी होतंय."

सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी लगेच युसुफकडे वळलो आणि त्याच्याशी खजुराच्या पिकाबद्दल काहीतरी बोलायला लागलो.

"काय नाय गो," मागून सरांचा आवाज आला. "सूत्रां म्हणत होतंय."